फुकटचा बोर्ड

पेटीचं झाकण उघडलं आणि योगिताने आधी तोंड फिरवलं. आत पाल मरून वाळली होती. बोर्डावर आडवी पडलेली, एक पाय रिलेवर, शेपूट तारांत अडकलेली, आणि पोटातून मुंग्यांची रांग निवांत ये-जा करत होती. वास असा, की सुकऱ्याकाकाने टॉवेल नाकाला लावला आणि मागे सरकत सांगितलं, "तूच काड बाय. तू शिकल्याली हायेस."

शिकलेल्या पोरीने मेलेली पाल काढायची असते, हे योगिताला डिप्लोमाच्या वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. तिने करवंदीची काटकी तोडली, श्वास धरला आणि खरवडायला सुरुवात केली. अर्धी पाल निघाली. उरलेली अर्धी बोर्डालाच चिकटून राहिली.

पोशेऱ्याच्या वरच्या पाड्याचा हा सौरपंप. खाली दरीत विहीर, वर पाड्यात टाकी आणि मध्ये दम काढणारा चढ. सुकऱ्या हा योगिताचा चुलता, पंपाची चावी त्याच्याकडे. दिवाळीनंतर पंप थांबला तो थांबलाच. पॅनल धडधाकट होते, मोटार धडधाकट होती. मेला होता तो फक्त एक तळहाताएवढा बोर्ड. टाकी भरली की थांब आणि विहीर आटली की थांब, एवढंच मोटारीला सांगायचं त्याचं काम. पण त्याच्याकडून निरोप आल्याशिवाय मोटारीला वीज सोडणारी मोठी पेटी तिला हलू देत नव्हती. तो दुरुस्त करावा, तर कंपनीने त्याच्या सगळ्या चिपांवर डांबरासारखं काळं काहीतरी ओतून ठेवलेलं. आपला माल कोणी उघडून बघू नये, म्हणून.

"कंपनीला फोन केलात?" तिने विचारलं.

"केला तं. बाई बोलते, थांबा म्हनते. गाना लागते. मंग कट. येकदा मानूस लागला. बोलला, सुटा बोर्ड मिलत नाय, आखी पेटी घ्या. न् ही पेटी आता आमी बनवतच नाय." सुकऱ्याकाका जमिनीवर थुंकला. "मंग आमी काय करायचा, ता नाय बोलला."

तेवढ्यात काशी, योगिताची आई, दरीतून हंडा घेऊन वर आली. काही दिवसांपूर्वी ती याच चढावर घसरली होती. हंड्याला पोचा आला होता आणि गुडघा सुजून नारळासारखा झाला होता. हळदीचं फडकं बांधून ती तशीच चढ-उतार करत होती. "होळीला समदी येतील वीटभट्टीवरून," ती हंडा उतरवत म्हणाली. "येवड्या मानसांचा पानी कोन आनील? माझाच डोका हाय ना."

"होळीच्या आत मी नवा बोर्ड करून आणते," योगिता म्हणाली.

बोलून गेली खरी. परतीच्या जीपमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण दुरुस्ती शिकलो, दुरुस्ती शिकवतो, पण स्वतः बोर्ड कधी बनवलेला नाही. त्याचा नकाशासुद्धा काढलेला नाही. मेलेला बोर्ड तिने सोबत घेतला होता, मांडीवरच्या पिशवीतून पालीचा वास येत होता आणि शेजारची बाई तिच्याकडे असं बघत होती, जणू योगिताच आंघोळ न करता आली आहे.

जव्हारला डेपोच्या मागे धर्मेंद्र सरांची प्रशिक्षण संस्था होती. योगिता तिथे पाड्यापाड्यांतल्या मुलींना सोलर दिवे आणि पंप दुरुस्त करायला शिकवायची. सरांचे वडील शिक्षक, भाऊ कारकून आणि सर स्वतः संस्थाचालक. अत्तर एवढं लावायचे, की सर निघून गेले तरी खोलीत सर असायचे. संस्थेतले संगणक कुठल्याशा बड्या ऑफिसने टाकून दिलेले होते, आणि टाकून देण्याला दान म्हणायचं असल्यामुळे त्याचे फोटोही काढलेले होते. कीबोर्डच्या फटीत परक्या माणसांच्या चिवड्याचे कण, माउसवर परक्या हातांचा मेणचट थर. योगिता दर सोमवारी स्पिरिटचा बोळा घेऊन ते पुसायची आणि बोळा काळा झाला, की तो लांब धरून टाकायची.

योगायोगाने त्याच महिन्यात सरांना सर्किट बोर्ड डिझाइनचा कोर्स काढायची हुक्की आली. योगिताला वाटलं, बरं झालं. मुलींना शिकवता शिकवता आपलाही बोर्ड होईल. प्रश्न होता सॉफ्टवेअरचा. कोणता भाग कुठे बसेल, तांब्याची कोणती रेघ कुठून कुठे जाईल, हा सगळा नकाशा आधी संगणकावर काढावा लागतो, आणि तो कशात काढायचा हे ठरवण्यात तिचे कितीतरी दिवस गेले. एक सॉफ्टवेअर इंटरनेटवरच चालायचं. जव्हारचं नेट गेलं, की नकाशा अर्ध्यावर लटकायचा आणि परत आलं, की कधी सापडायचा, कधी नाही. दुसरं किकॅड. ते एकदा उतरवून घेतलं, की नेट लागत नव्हतं, जुन्या संगणकावर चालत होतं, आणि त्याला पैसा पडत नव्हता. योगिताने ते ठरवून टाकलं.

"फुकट?" सरांनी नाक मुरडलं. "योगिता मॅडम, पत्रकात काय छापू मी? फुकटचं शिकवतो म्हणून?" त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "हे बघा. मोठ्या कंपन्या वापरतात ते. नाशिकच्या मित्राने दिलं. याची किंमत ऐकाल तर चक्कर येईल."

"तुम्ही किंमत दिली का सर?"

"ते कुलूप काढलेलं आहे हो."

"म्हणजे चोरलेलं आहे."

"सगळे असंच वापरतात," सर हसले.

जव्हारच्या बाजारात कुणा भुकेल्या पोराने दोन केळी उचलली असती, तर याच सरांनी त्याची कॉलर धरून चार माणसं गोळा केली असती. इथे मात्र चोरीचा माल खिशात घालून हा माणूस संस्थेच्या भिंतीवर प्रामाणिकपणाचं सुभाषित लावतो. योगिताला त्या पेन ड्राइव्हला हात लावायची किळस आली. पालीला लावला होता, याला लावेना.

"मुलींनाच विचारू," सर म्हणाले. मुली काय म्हणतील, हे त्यांना नक्की ठाऊक असावं.

योगिताने वर्गात मनापासून सांगितलं. हे सॉफ्टवेअर कोणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरची माणसं मिळून ते बनवतात. तुम्ही ते घरी न्या, बहिणीला द्या, कोणी तुम्हाला विचारणार नाही, कोणी कुलूप घालणार नाही. तिला वाटलं होतं, मुली खूश होतील. मुली एकमेकींकडे बघत बसल्या. मग जानी उभी राहिली. जानी दाभोशाकडच्या पाड्यातली. घरी जमिनीचा तुकडा नाही, आईबाप मजुरीवर. वर्गात कोणाला काही बोलायचं असलं, की सगळ्या जानीकडे बघायच्या.

"मॅडम, फुकटचा नको."

"का गं?"

"आमाला समदा फुकटचाच येते." जानीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "तांदूल फुकट, त्याच्यात किडे. दिवे वाटले फुकट, पावसात मेले. थंडीचे सेटर वाटले, माझ्या बापाला बी तोच न् मला बी तोच. चपला दिल्या तं दोनी डाव्या. ज्याचा कोनाला उपेग नाय, ता आमाला फुकट. मंग ह्या सॉफ्टवेअरचा तरी कोनाला उपेग हाय? नाय ना? सरांचा शिकवा. मुंबईवाले पैशे टाकून घेतात, तोच आमाला पन पायजे."

सगळ्या मुलींनी माना हलवल्या. मागे उभ्या असलेल्या सरांनी तर टाळी वाजवली.

योगिताच्या स्वतःच्या पाड्यातल्या घरी माळ्यावर तसलाच एक मेलेला दिवा पडला होता. काशी त्यात भोपळ्याचं बी ठेवायची. तिला मुलींची चीड आली, मग त्या डाव्या चपला ज्यांनी गोण्यांत भरल्या असतील त्यांची, आणि मग हे सगळं ऐकून टाळी वाजवणाऱ्या माणसाची. ती फळा पुसत राहिली.

सरांचं सॉफ्टवेअर वर्गात आलं ते एकटं आलं नाही. तोडलेल्या कुलपातून सोबत काय काय शिरलं होतं. मुली मन लावून रेघा ओढत असायच्या आणि मध्येच पडद्यावर उघडीनागडी बाई उभी राहायची, खाली लाल बटण लुकलुकायचं. मुली खाली बघायच्या. एक जण ओढणी तोंडात धरून माउस दाबत राहायची, आणि जितकं दाबावं तितक्या नव्या बाया यायच्या. योगिताने सरांना बोलावून दाखवलं. सरांनी जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाले, "कोपऱ्यात फुली असते ना, ती दाबायची. एवढं काय त्यात!"

त्या दिवशी योगिता जव्हारच्या आपल्या खोलीवर जाऊन जेवली नाही.

तिने वर्गातला एक संगणक इतरांपासून तोडला, भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत किकॅड शिकायला बसली. शिकवायला कोणी नव्हतं. हिंदीतले व्हिडिओ मोबाइलमध्ये भरून आणायचे आणि थांबवून थांबवून बघायचे. आधी नुसत्या खुणांचं चित्र काढायचं, कोण कोणाला जोडलेलं ते. मग त्या प्रत्येक खुणेला सांगायचं, की खऱ्या बोर्डावर तुझे पाय एवढ्या अंतरावर आहेत. हे तिला पहिल्यांदा कळलंच नाही, आणि तिने काढलेला रिले, म्हणजे मोटार चालू-बंद करणारं खटक्याचं डबडं, नकाशात हरभऱ्याएवढा निघाला. मग सगळे भाग एकमेकांना बारीक रेघांनी बांधलेले, एका ढिगात येऊन पडायचे, विंचरायचे राहिलेल्या केसांसारखे. ते एक एक सोडवत, एकही रेघ दुसरीला न ओलांडता सगळ्यांना वाट काढून द्यायची. एक सुटली, की दुसरी अडायची. ती चिडायची, सगळं पुसायची, आणि पुन्हा बसायची. नकाशा तपासायला दिला, की सॉफ्टवेअर जिथे जिथे चुकलं तिथे बाण दाखवायचं. सुरुवातीला बोर्ड दिसेनासा व्हायचा एवढे बाण यायचे. पण ते खोटं बोलत नव्हतं, अंगावर बाया सोडत नव्हतं, आणि अत्तर लावून येत नव्हतं. योगिताला त्या बाणांबद्दल हळूहळू आदर वाटायला लागला.

आणि एका सकाळी वर्ग उघडला, तर सरांच्या सॉफ्टवेअरचे सगळे संगणक मुके झाले होते. मुलींच्या सगळ्या फायलींची नावं बदललेली, एकही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत धमकी, फायली परत हव्यात तर पैसे पाठवा. महिनाभराचं काम गेलं. फक्त भिंतीकडे तोंड केलेला एकटा संगणक शाबूत होता.

सर आले, त्यांनी बघितलं, घाम पुसला. "असं होतं कधीकधी. पेन ड्राइव्ह आहे ना, परत टाकू." आणि ते चहा प्यायला निघून गेले.

जानीने दिव्याचा बोर्ड काढला होता. कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुठल्या वस्तूवर आपलं नाव टाकलं होतं, आणि ते आता कुठल्या तरी देशातल्या चोराकडे गहाण पडलं होतं. ती खूप वेळ त्या धमकीसमोर बसून राहिली. मग उठून योगिताकडे आली. शिळं वाढायला सांगावं, तसा तिचा चेहरा होता.

"तुमचा तो कठं हाय? फुकटचा."

योगिता बाजूला सरकली आणि जानीला स्टूल दिलं.

पोशेऱ्याचा बोर्ड मग दोघींनी मिळून पुरा केला. नकाशा गुळगुळीत कागदावर छापायचा, तांब्याचा पत्रा चढवलेल्या पट्टीवर ठेवून इस्त्री फिरवायची आणि पट्टी गंजक्या रंगाच्या फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून हलवत बसायचं. नको ते तांबं विरघळतं, हव्या त्या रेघा राहतात. पहिला बोर्ड उलटा छापला गेला आणि सगळ्या चिपांचे पाय विरुद्ध बाजूला आले. योगिताने तो भिंतीवर भिरकावला. दुसरा नीट निघाला. दोघींची बोटं तपकिरी झाली, नखं तर आठवडाभर हागणदारीतून आल्यासारखी दिसत होती. वरच्या बाजूला एका कोपऱ्यात बोटभर जागा मोकळी राहिली होती.

"नाव टाका," जानी म्हणाली.

"कोणाचं?"

"जठं जायचा तठला."

योगिताने इस्त्रीने तिथे काळ्या अक्षरांत उमटवलं, पोशेरा. टेबलावर लावून पाहिलं. विहिरीत सोडायची तार पेल्यातल्या पाण्यात बुडवली की रिले टक्कन लागत होता, काढली की सुटत होता. जानीने ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग तिने पहिल्यांदाच हसून मान्य केलं, "चालते हां मॅडम."

होळी अजून लांब होती. योगिता पोशेऱ्याला गेली. पेटीतलं मुंग्यांचं वारूळ झाडून काढलं, तारांत अडकून राहिलेली पालीची शेपूट चिमट्याने उपटली, पेटीच्या भोकांना जाळी लावली आणि बोर्ड बसवला. सुकऱ्याकाकाने चावी फिरवली. खाली दरीत मोटार गुरगुरली, पाइप थरथरला आणि टाकीत धो धो पाणी पडायला लागलं. बाया हंडे घेऊन धावल्या. काशीने ओंजळ भरून तोंडावर मारली. योगिताला इतका आनंद झाला, की जीपमध्ये ती एकटीच हसत होती. शेजारचा माणूस सरकून बसला, तरी तिला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या रविवारी ती जानीला घेऊन मुद्दाम दाखवायला आली. पाड्याच्या वळणावरच तिला आई दिसली. दरीतून वर येत होती, डोक्यावर पोचा आलेला हंडा, एक पाय ओढत.

"पंप बंद पडला?" योगिता ओरडलीच.

"बंद नाय पडला," काशी म्हणाली. "बंद ठेवला."

सुकऱ्याकाका ओट्यावर बसला होता, चावी कमरेच्या करगोट्याला बांधलेली. योगिता त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "काका, चालत होता ना?"

"चालते तं."

"मग?"

"फुकटचा हाय ना बाय." काका समजुतीने बोलला. त्याला तिला दुखवायचं नव्हतं, हे तर जास्तच वाईट होतं. "दिवे बी आधी चालले, मंग मेले. ते मेले तं मेले. ह्यानी मोटार जाळली तं? मोटार परत कोन देईल? समद्यांनी बसून ठरवला. होळीला मानसा येतील, तवा मोटार जळली तं लोक मला फाडून खातील."

"त्यात जळण्यासारखं काही नाही. मी बनवलाय तो. मी."

"तू बनवलास म्हनून तं. त्याच्यावर नाव काय हाय, ता पोरांनी वाचून दावला. पोशेरा." काका हसला. "पोशेऱ्यात कंदी काय बनला हाय का? कंपनीचा नाव असता तं गोष्ट वेगली."

योगिताने आईकडे बघितलं. काशी गुडघा चोळत पायरीवर बसली होती. "मी बी तेच बोलले," ती खाली बघत म्हणाली. "फुकटच्या वस्तूवर किती भरोसा ठेवायचा? पाय हायेत तवर आनीन."

त्या क्षणी योगिताला सगळ्याचा उबग आला. काकाचा, सुजलेल्या गुडघ्यावर दुसऱ्यांची भीती वाहणाऱ्या आईचा, आणि त्या गुळमुळीत कंपनीचा, जिच्या बोर्डावर पाल मेली तरी जिच्या नावावर भरोसा मेला नव्हता. ती तावातावाने पेटीकडे गेली, बोर्ड काढला आणि पिशवीत टाकला. कोणी अडवलं नाही.

परतीच्या जीपने डोंगर उतरल्यावर जानी म्हणाली, "मॅडम, जुना बोर्ड टाकला का ठेवला?"

"आहे खणात. का?"

"त्याच्यावर चांदीवानी इस्टिकर हाय. कंपनीचा."

योगिताला समजायला वेळ लागला नाही. "शी! म्हणजे सरांसारखंच करायचं आपण?"

"सरांनी सॉफ्टवेअर चोरला. आपून नाव तं घेतो. ता बी मेल्याल्याचा."

"मला नाही जमणार जानी. मला घाण वाटते त्याची."

"वाटू द्या," जानी म्हणाली. "आमाला रोज वाटते. तुमच्या आयचा पाय बघलात ना?"

बाहेर करपलेल्या डोंगरउतारावर बायांची एक रांग हंडे घेऊन चालली होती, पण ती योगिताच्या पाड्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी योगिताने संस्थेतल्या टेबलाचा खण उघडला. जुना बोर्ड कागदात गुंडाळून ठेवला होता, तरी वास आलाच. स्टिकरच्या एका कडेला पालीचा पिवळट डाग होता, पालीचं काहीतरी त्याच्यात मुरलं होतं. ब्लेडच्या टोकाने तिने तो हळूच सोडवला. मागच्या बाजूला जुना डिंक ताणला गेला, शेंबडासारखा. नव्या बोर्डावर जागा शोधली, तर सगळीकडे भाग दाटीने बसवलेले. तिनेच काटकसरीने बसवले होते. मोकळी जागा एकच होती, कोपऱ्यातली, बोटभर. तिने 'पोशेरा'वर स्टिकर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. अक्षरं थोडी वर उमटलेली होती, ती अंगठ्याला लागत होती. तिने आणखी जोर लावला.

धर्मेंद्र सर नेमके तेव्हाच दारातून डोकावले. अत्तर आधी आलं, मग सर. त्यांनी बोर्ड बघितला, स्टिकर बघितला आणि मोठ्या मायेने हसले. "मी म्हणत होतो ना मॅडम? नाव लागतं."

योगिता बेसिनशी गेली. नळाखाली अंगठा धरून ती घासत राहिली.

होळीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी जीप खचाखच भरून पोशेऱ्याला गेली. भट्टीवरची माणसं परतत होती, पाड्यात होळीचं लाकूड उभं राहत होतं. योगिताने बोर्ड बसवला आणि झाकण उघडंच ठेवून बाजूला झाली. जानी मागे उभी होती. सुकऱ्याकाका वाकला, डोळे बारीक केले आणि चंदेरी स्टिकरवरून बोट फिरवलं. त्याला वाचता येत नव्हतं. पण ते चिन्ह तो चांगलं ओळखत होता.

"आखेर धाडला का कंपनीनी!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "ह्याला म्हनतात माल."

त्याने करगोट्याची चावी सोडली, पेटीला हात लावून नमस्कार केला आणि चावी फिरवली. दरीत मोटार गुरगुरली. टाकीत पाणी पडायला लागलं आणि या वेळी बाया धावल्या नाहीत, सावकाश आल्या, हक्काने रांगेत हंडे ठेवून गप्पा मारत बसल्या. काशी सगळ्यांत पुढे होती. हंडा भरेपर्यंत तिने दुखरा पाय पुढे पसरला आणि डोळे मिटून घेतले. कितीतरी दिवसांनी योगिता आईला दिवसाढवळ्या नुसतं बसलेलं बघत होती.

"कंपनीला फोन कोनी केला?" काशीने डोळे न उघडताच विचारलं.

"मी," योगिता म्हणाली.

"बरा झाला. तुझा आयकला त्यांनी."

सुकऱ्याकाकाने झाकण लावलं, हात झटकले, आणि एकदम काहीतरी आठवून योगिताकडे वळला. चेहऱ्यावर चुलत्याची काळजी होती. "न् तुझा तो कठं हाय? फुकटचा? दे तं शेजारच्या माघ्याच्या पोरांना खेळाया."

जानीने तोंड दुसरीकडे फिरवलं. योगिताने अंगठा ओढणीला पुसला. त्याला अजून वास येत होता, आणि इतक्या वेळा धुऊनही तो किंचित चिकटत होता.

"टाकून दिला काका," ती म्हणाली.

"बरा केलास," काका म्हणाला, आणि होळीचं लाकूड बघायला निघून गेला.